मामांची टाकी आणि माझं लोहचुंबक

दुष्काळाच्या सालात घरात माशांची काचेची टाकी ठेवायची म्हणजे गल्लीला बोलायला आयतं कारण. "मास्तरीणबाई, माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुमचं मासं पोहत्यात!" असं मला नळावर ऐकवलं जायचं. मीही काही कमी नव्हते. "तुमच्या हंड्यात तर नाही ना पोहत?" म्हणून घागर पुढे सरकवायची. पण खरं सांगते, त्या माशांवर माझा काडीचा जीव नव्हता. जीव होता मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

काष्टीची शेती थोरल्या दिरांवर सोपवून मामा आमच्याकडे सावेडीला आले, आणि त्यांना करमेना. मग आमच्या यांनी पुण्याहून टाकी आणि मासे आणले. वाळू मात्र मामांनी स्वतः सीना नदीतून आणली, चाळून, निवडून, अगदी तांदळासारखी धुऊन. तेव्हापासून सकाळचा चहासुद्धा टाकीसमोर. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मासे दिसेनासे झाले. ऑपरेशन ठरल्यावर त्यांचं एकच पालुपद: "चष्मा लागला की आधी टाकीम्होरं बसनार. मासं दिसलं तर डोळा आला. न्हाई दिसलं तर गेला."

आता घ्या! इकडे टाकीची काच शेवाळानं हिरवीगार झालेली. डोळे धड असलेल्या मलाच मासे दिसत नव्हते, तर मामांना कुठून दिसणार? सगळं पाणी उपसून काच घासावी, तर पाणी चार दिवसांनी एकदा यायचं. हात घालून घासायची मला सक्त बंदी होती. एकदा मिरच्या वाटल्यावर नीट न धुता हात घातला आणि दोन मासे उलटे झाले, तेव्हापासूनची.

यांनी पुण्याच्या दुकानात एक युक्ती पाहिली होती. एक लोहचुंबक काचेच्या आत, एक बाहेर. बाहेरचं फिरवलं की आतलं आपोआप फिरतं आणि शेवाळ खरवडतं. नगरात अशी वस्तू मागितली की दुकानदार माझ्याच तोंडाकडे बघायचे. शेवटी मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे मेलेल्या स्पीकरांची चुंबकं डबाभर पडलेली. त्यानं तीन जोड्या काढल्या आणि कपाटाच्या काचेवर लावून दाखवल्या. पहिली जोडी फिरवताना सुटून खाली पडली. दुसरी नीट चिकटली, नीट फिरली. तिसरी मात्र अशी खाट्‌कन बसली की सोडवताना त्याला कपाटाला पाय लावावा लागला.

"ताई, मधली न्या," तो म्हणाला. "मोठीला ओढ लई हाय."

"शेवाळ काय कमी चिवट आहे? घ्यायची तर दणकट घ्यावी," मी म्हटलं, आणि मोठी उचलली. माझं हे असंच. कुणी मधलं सुचवलं की माझा हात मोठ्यावर.

मामा दवाखान्यात असताना मी कामाला लागले. चुंबक गंजू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या रबरात बांधलं, वरून घोंगडीचा तुकडा शिवला, आणि सुरू केलं. अहाहा! एकेका फटक्याला हिरवा पडदा बाजूला होत होता. खालच्या कोपऱ्यात शेवाळ फार, म्हणून वाळूला टेकवून टेकवून घासलं. नंतर नंतर काच करकर वाजायला लागली. मला वाटलं, वा, काय निघतंय शेवाळ! आणखी जोर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर ऊन पडलं आणि बघते तर काय! सगळ्या काचेवर कोयरीसारख्या वळणाच्या रेघा. चुंबक बाहेर काढलं तर त्याला काळी दाढी फुटलेली! आपल्याकडच्या नदीच्या वाळूत लोखंडाचे काळे कण असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दरवर्षी मीच तिसरीच्या मुलांना सीनेची वाळू आणायला सांगते आणि वर्गात चुंबक फिरवून ते कण उभे करून दाखवते. स्वतःच्या घरात ती अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे. हे तर पोट धरून हसले. मग आम्ही ठरवलं, मामांना सांगायचं नाही. एवढ्या बारीक रेघा त्यांना काय दिसणार?

महिन्याभरानं चष्मा आला. बाटलीच्या बुडासारखा जाड. हे मामांना दुकानातून चष्मा लावूनच स्कूटरवरून घेऊन आले. "समदं मोठंमोठं अन् वाकडं दिसतंय रं," म्हणत मामा आत आले आणि चपला काढून थेट टाकीसमोर बसले. मी दारात उभी. मामांनी काचेकडे पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. परत काढला. परत पुसला. मग उठले आणि ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मी चहा नेला तर घेईनात. "काय झालं मामा?"

"गेला डोळा, पोरी. काचंवर नुसत्या रेघाच रेघा दिसत्यात. मासं न्हाईच नीट दिसत. उगाच खर्च केला तुमी माझ्यापायी."

मी कपबशी ओट्यावर ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच खाली बसून मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, चुंबक, वाळू, घोंगडी, लपवाछपवी, सगळं. आता ते रागानं काष्टीची एसटी धरणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

मामा ऐकत राहिले. मग ताडकन उठले, आत गेले आणि काचेवर बोट ठेवलं. "ही रेघ हितनं निघती अन् हितं वळती. व्हय का?"

"हो."

"ही दुसरी तिला आडवी जाती?"

"हो मामा."

"अन् ही केसावानी बारीक?"

ती मला दिसेना. मी वाकले, नाक काचेला लावलं, तेव्हा कुठे दिसली. "आहे," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

"आगं रडती काय येडे!" मामा ओरडले. "तुला न्हाई दिसली, मला दिसली!" यांना हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली, नळावर मला बोलणाऱ्या बाईलासुद्धा बोलावून घेतलं. माशांकडे त्यांनी त्या दिवशी ढुंकून पाहिलं नाही. येईल त्याला टाकीसमोर बसवून दुपारपर्यंत रेघा दाखवत राहिले.