साकीनाक्याच्या गाळ्यात ऐकलेला नवा स्टीलपॅन

बाबा जहाजावर नोकरीला होते तेव्हा त्यांनी त्रिनिदादहून एक स्टीलपॅन आणला होता. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोलगट केलेला, रबर लावलेल्या काड्यांनी वाजवायचा. गेल्या महिन्यात त्यातला एक सूर बद्द वाजू लागला आणि बाबांनी वाजवणंच सोडलं. मला ते बघवेना. साकीनाक्याला परब नावाचे कारागीर असे पॅन बनवतात असं कळलं, आणि शनिवारी सकाळी आम्ही बोरिवलीहून निघालो.

हात रिकामे असतील तर मेट्रोने जा. आमच्याकडे पॅन होता, म्हणून रिक्षा केली. हायवेने अंधेरी, मग कुर्ला रोड; सव्वा तास, तीनशेच्या वर भाडं. परबांच्या गाळ्याच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. तोंडाशीच इडली खाऊन घ्या, आत फक्त चहा मिळतो.

परब मूळचे मालवणचे, केटररची मोठी पातेली बनवणारे. त्यांनी आमच्या पॅनवर बोटं फिरवली. "काका, हेचो पत्रो थकलो हा. ठोकूक गेलंय तर फाटतलो."

बाबा म्हणाले, "ठोक रे. मुका राहण्यापेक्षा फाटलेला बरा."

तिसऱ्या घावाला बारीक चीर गेली. परबांचा हात तिथेच थांबला.

मग त्यांनी आतून स्वतःचा नवा पॅन आणला. हा पिंपाचा नव्हेच. खास निवडलेला पत्रा लेथवर फिरवून वाटीसारखा केलेला, वर नायट्रोजनच्या भट्टीत कडक केलेला, म्हणजे सूर लवकर उतरत नाही. आणि एकमेकांना साथ देणारे सूर शेजारी-शेजारी.

"वाजवा, काका."

बाबांनी एकच टोला दिला. त्या सुराच्या पोटात त्याचाच वरच्या सप्तकातला सूर वाजत होता. हात न लावलेला शेजारचा सूरही गुणगुणू लागला. पलीकडच्या गाळ्यात प्रेस मशीन धडधडत होतं, तरी तो आवाज पत्र्याच्या छपराखाली तरंगत राहिला.

"इतकी वर्षं मी अर्धाच सूर ऐकत होतो गं," बाबा म्हणाले.

पॅनची ऑर्डर देऊन आलो. सूर लावायलाच वेळ लागतो, तीन महिने तरी थांबा, असं परब म्हणाले. नव्या पॅनवर सुरांच्या जागा वेगळ्या. परबांनी त्या कागदावर काढून दिल्यात. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा रोज सकाळी त्या कागदावर बोटं आपटतात, चुकतात, स्वतःलाच शिवी घालतात आणि पुन्हा 'सा'पासून सुरू करतात.