खिडकीवाली की दारवाली

चपलांच्या दुकानात तिला सगळे मापवाली म्हणायचे. गिऱ्हाईक दारातून आत आलं तरी ती तोंडाकडे बघायचीच नाही. नजर थेट पायावर, अन् लगेच मागं वळून खोका काढायची. पाय तिच्या डोक्यात पक्के बसायचे, तोंडं मात्र सांडून जायची. एकदा तिचा चुलत दीर दुकानात आला, तर हिनं त्याला ‘बसा साहेब’ म्हणून स्टुलावर बसवलं. मोजा उतरवला, अंगठ्याचं वाकडं नख बघितलं, अन् मग ओरडली, “अगंबाई, भाऊजी, तुम्ही होय!” मालक ही गोष्ट येईल त्याला सांगायचा, अन् सांगताना स्वतःच आधी हसायचा.

तर या मापवालीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पोट दिसायला लागल्यावर सासू म्हणाली, “उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊन नाव घालून ये.”

“मी तिथं नाही जायची.”

सासू पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. “का गं? पहिली तिथंच झाली की. चांगली खणखणीत झाली.”

“झाली. पण तिथं मला…”

“तिथं काय?”

“मला नीट सांगता येत नाही.”

“मग सांगता येईल तेव्हा सांग. तोवर नाव घालून ठेव.”

तिच्या घराची रीतच अशी होती. नको म्हणायला कुणाची बंदी नव्हती, पण नको का, हे धडपणे सांगावं लागे. सांगता आलं नाही तर तो हट्ट. अन् हिची पंचाईत हीच, की त्या दवाखान्यात आपल्याला काहीतरी झालं एवढं तिला माहीत होतं, काय झालं ते माहीत नव्हतं.

नवरा टेम्पो चालवायचा. स्वभावानं गरीब. त्यानं जेवताना विचारलं, “झालं काय होतं पण तिथं?”

“मारलं मला.”

त्याचा घास हातातच राहिला. “कुणी?”

“दवाखान्यातल्या मावशीनं. नाहीतर नर्सनं. गालावर.”

“कधी?”

“टाके घालताना. थांबा, नाही… आधी असेल. मी ओरडले म्हणून. का ती ओरडली म्हणून?”

“ती कोण?”

“माझ्या खाटेवरची.”

“अगं, मग मारलं कुणाला? तुला का तिला?”

इथं येऊन तिची गाडी दर वेळी रुतायची.

त्या दवाखान्यात खाटा कमी अन् बायका जास्त. एका खाटेवर दोघी टाकायचे. एकीचं डोकं खिडकीकडं, दुसरीचं दाराकडं, म्हणजे हिच्या तोंडाशी तिचे पाय अन् तिच्या तोंडाशी हिचे. घरच्या माणसाला आत सोडायचे नाहीत. नावं विचारायला तिथं कुणाला सवड? जिचं डोकं खिडकीकडं ती खिडकीवाली, जिचं दाराकडं ती दारवाली. “खिडकीवाली, कण्हू नको.” “दारवालीला सुई द्या.” असं चालायचं. पुढं टेबलावर नेलं तरी हीच नावं बरोबर जायची. दोन टेबलं शेजारी शेजारी, मध्ये पडदा, तोही अर्धाच.

आता यात गोम अशी, की मधेच कुणीतरी त्या दोघींना उठवलं. “पडून काय राहिलात, जरा फिरा.” दोघी भिंत धरधरून बोळात चालल्या. परत आल्यावर जिला जसं जमलं तशी ती आडवी झाली. कळा येत असताना आपलं डोकं मघाशी कुठं होतं हे कोण बघतो? मापवाली खिडकीवाली म्हणून गेली अन् दारवाली होऊन परतली, की होती तीच राहिली, हे तिला त्या दिवशीही कळलं नाही अन् आजही कळत नव्हतं.

तिला एवढंच आठवायचं. कुणीतरी म्हणालं, “खिडकीवालीची सुई झाली.” तिला सुई टोचल्याचं आठवत नव्हतं. मग पोतं शिवावं तसे टाके पडले अन् तिला प्रत्येक टाका कळला. ती म्हणाली, मला सगळं लागतंय. वरून आवाज आला, “सुई दिलीय तुला, नाटकं बंद कर.” मग फाडकन एक चापट. चापटीचा आवाज पडद्यापलीकडून आला होता, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण चटका तिच्या गालावर होता. आता आवाज तिकडं अन् चटका इकडं, असं कसं होईल? म्हणून ती कुणाला सांगायला जायची अन् मधेच गप्प बसायची.

बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, “नॉर्मल झाली ना? मग!” त्या ‘मग’च्या पुढं बोलायला जागाच नव्हती. कामावर परतल्यावर तिला त्या बुटक्या स्टुलावर बसवत नसे. ती गुडघे टेकून लोकांच्या पायात चपला घालायची. गिऱ्हाइकं म्हणायची, काय नम्र बाई आहे! मालक खूश. खाली काय ठणकतंय ते तिचं तिला ठाऊक. लघवीला जायचं म्हटलं तरी ती टाळत राहायची.

त्या खाटेवरच्या बाईचं तोंड तिला आठवत नव्हतं. आठवत असतं तरच नवल. पाय मात्र लख्ख आठवत होते. डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं, शेजारणीच्या कुंपणावर वाकल्यासारखं. मनातल्या मनात तिनं त्या बाईचं नाव चढबोटी ठेवलं. चढबोटी सापडली तर कळेल, असं तिला वाटायचं. मारलं कुणाला, सुई कुणाची कुणाला गेली, सगळं ती सांगेल. मग घरी धडपणे बोलता येईल.

म्हणून ती पायांवर पाळत ठेवू लागली. चढलेली बोटं जगात कमी नाहीत. एक तर टक्कल पडलेला पोस्टमन निघाला. एक बाई सापडली, पण तिचं बोट उजव्या पायाचं. तरी आपल्याच आठवणीत डावं-उजवं झालं असेल म्हणून हिनं विचारलं, “बाई, तुमचं बाळंतपण कुठं झालं?”

ती बाई ताडकन उठली. “माझं अजून लग्न व्हायचंय!”

चपला न घेता गेली ती. मालक म्हणाला, “अगं माझे आई, चपला विक. बाळंतपणं नको विकू.”

इकडं सासूचं रोजचं सुरू होतं. नाव घातलंस का? उद्या जाते. उद्या कधी उजाडणार तुझा?

अन् एके दिवशी दुपारी तो पाय दुकानात आला.

पुढच्या चौकात एक ब्युटी पार्लर होतं, तिथली बाई. दिवसभर उभं राहून टाचा दुखतात, मऊ तळव्याची चप्पल दाखवा, म्हणाली. मापवालीनं तिची जुनी चप्पल काढली. डावा पाय. बोट चढलेलं, तसंच, वाकून बघितल्यासारखं. मापवालीनं पाय हातात धरला तो सोडलाच नाही.

“अहो, माप घेताय का पाय ठेवून घेताय?” पार्लरवाली म्हणाली.

“तुम्ही मोठ्या दवाखान्यात बाळंत झाला होता का? एका खाटेवर दोघी?”

पार्लरवालीचं हसू गेलं. तिनं मापवालीच्या तोंडाकडं नीट बघितलं अन् मान हलवली. ओळख पटेना. मग म्हणाली, “तुमचे पाय दाखवा बघू.”

मापवालीनं साडी जरा वर घेतली. उजव्या पोटरीवर मोटारसायकलच्या नळीनं भाजल्याचा डाग होता.

“बया बया!” पार्लरवाली ओरडली. “हाच डाग! कळ आली की मी या डागाकडं बघत बसायचे. मला तो कधी मासा दिसायचा, कधी भोपळा.”

मग दोघी बाकावर बसल्या. पोरांचं विचारून झालं. हिची मुलगी, तिचा मुलगा, दोघंही उंडारतायत. मग मापवालीनं इतके दिवस जपून ठेवलेलं विचारलं.

“त्या बाईनं मारलं, ते आठवतं का तुम्हाला?”

“आठवतंय तर! गाल सुजला होता माझा.”

“तुमचा? मारलं तर मला.”

“छे हो, मला. तुम्ही ओरडलात, अन् तो राग माझ्यावर निघाला.”

“मी कुठं ओरडले? तुम्ही ओरडलात, आई गं, आई गं करत.”

“मी आई म्हणतच नाही कधी. मला आई आठवतच नाही, मावशीनं वाढवलंय.”

शेवटचा एकच जोड उरलाय अन् दोघींना तोच हवाय, तशा त्या एका चापटीसाठी भांडत होत्या. मालक फळीवरची धूळ झटकत ऐकत होता. तो मागं न वळता म्हणाला, “एकच होती का चापट? दोघींनाही मारलं असेल की.”

हे इतक्या दिवसांत दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“अन् सुई?” मापवालीनं विचारलं. “मला टोचलीच नाही. खिडकीवालीला दिली म्हणाले.”

“मला दोनदा टोचलं,” पार्लरवाली म्हणाली. “मी सांगत होते, आत्ताच दिली, तर म्हणे गप पड. का एकदा सुई होती अन् एकदा सलाईन? थांबा हं… मी खिडकीवाली होते का तेव्हा?”

“फिरून आल्यावर?”

“आधी मी दाराकडं. का तुम्ही?”

“मी आधी खिडकीकडं. असं मला वाटतं.”

“असं नाही कळायचं,” पार्लरवाली म्हणाली, अन् तिनं बाक ओढून दुसऱ्या बाकाला लावला. “हे शटर म्हणजे दार, ती काच म्हणजे खिडकी. निजा.”

मालक म्हणाला, “अहो, हे दुकान आहे!” पण तोवर दोघी आडव्या झाल्या होत्या, मापवाली पोट सांभाळत, डोकं काचेकडं. तिच्या तोंडाशी ते चढलेलं बोट आलं. तेवढ्यात एक गृहस्थ बूट घ्यायला आत आले. बाकांवर उलट्यासुलट्या निजलेल्या दोन बायका बघून त्यांनी मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, “माप चाललंय. जरा थांबा.” ते थांबले नाहीत.

“आठवतंय का काही?” मापवालीनं छताकडं बघत विचारलं.

तिच्या तोंडाशी असलेला पाय थरथरायला लागला. आधी बोटं, मग सगळा पाय, मग बाकही हलायला लागला. पार्लरवाली झटकन उठून बसली. तोंडाचा रंग उडाला होता.

“नको बाई. मला नाही आठवायचं. मला वाटलं होतं, मी विसरले.”

तिनं पदरानं मान पुसली, पाणी प्यायली, पहिलीच चप्पल पायात घालून बघितली अन् तीच घेतली. दारात वळून म्हणाली, “पण तुमच्या घरी कुणी विचारलं तर सांगा, ती खाटेवरची पण म्हणते मारलं म्हणून. कुणाला ते नका सांगू. आपलं मिटलं नाही अजून.”

मापवाली घरी गेली ती आधीपेक्षा जास्त गोंधळून. सासू ओट्यापाशी होती. हिनं ठरवलं, धडपणे नाही तर नाही. जसं आहे तसं सांगायचं.

“आई, मी त्या दवाखान्यात नाही जायची. मला मारलं. नाहीतर तिला मारलं. नाहीतर दोघींना. सुई माझी तिला दिली असेल, नसेलही. टाके मात्र मला सगळे कळले. मी खिडकीवाली होते का दारवाली, ते मला शेवटपर्यंत कळणार नाही. आता म्हणा काय म्हणायचं ते.”

सासूनं गॅस बारीक केला. पाठ फिरवून उभी राहिली. ती भांड्यात पळी फिरवत होती, भांड्यात ढवळण्यासारखं काही नसताना.

“त्या दिवशी मी बाहेर दाराशीच होते,” ती म्हणाली. “चापट ऐकली मी. कुणीतरी आई म्हणून ओरडलं, तेही ऐकलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, दुसरीला मारतायत.” पळी थांबली. “आत दोघी होत्या ना. मी म्हटलं, असेल त्या दुसरीला.”

पार्लरवाली आई म्हणत नाही, हे मापवालीच्या ओठावर आलं होतं. पण मग ओरडले ती मीच का, अन् मला ते आठवत कसं नाही, हे तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सासूनं स्वतःच चपला घातल्या. पुलापलीकडं एक लहान दवाखाना होता. मालकाची सून तिथं बाळंत झाली होती. काउंटरवर एक चष्मेवाली पोरगी बसली होती. सासूनं तिला आधी विचारलं, “एका खाटेवर किती बायका?”

पोरगी हसली. “एकच, आजी.”

“हसू नको. अन् घरची एक बाई आत सोडता का?”

“सोडतो की.”

“मी येणार. अन् हाक कशी मारता?”

“म्हणजे? नावानं.”

“मग हिचं नाव नीट ऐकून घे.”

मापवालीनं नाव सांगितलं. परत एकदा सांगितलं.

पोरीनं पुढचं विचारलं. “पहिलं बाळंतपण कसं झालं? नॉर्मल?”

मापवाली काउंटरखालून दिसणाऱ्या त्या पोरीच्या सँडलकडं बघत राहिली. पट्टा ढिला होता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“माहीत नाही असं कसं? तुमचंच ना बाळंतपण?”

सासू काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढं वाकली.

“माहीत नाही म्हणतेय ना ती?” सासू म्हणाली. “मग तसंच लिही.”