काकांनी सुनेला नेमलं

टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत उद्याची काळजी आजच उरकून टाकणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा काका होता. भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन जाळतात. काका त्याचा पालापाचोळा दिवाळीची पणती विझायच्या आत गोळा करायला लागत. शेजारी विचारत, "काका, भात झोडायचा बाकी हाय, नि तुमी राब भाजाया निघालं?" लग्नाला ते घरी जेवून निघत, कारण पंगत उशिरा बसते, तिथे पुन्हा जेवत, कारण यजमानाला वाईट वाटतं. एसटी चुकू नये म्हणून आधीच्या एसटीच्याही आधी थांब्यावर पोचत. ती आधीची गाडी आली, की मात्र बसत नसत. "आपली नाय ती," म्हणत.

काकांचा फुप्फुसांचा आजार बरा होणारा नाही, असं मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात रडारड झाली. काकांनी पुढे काय काय होईल ते विचारून घेतलं. दम वाढत जाईल, कधीतरी मशीनवर ठेवायचा प्रश्न येईल. घरीच राहायचं ठरवलं तर दम सुसह्य करणारं औषध मिळतं. एवढं कळल्यावर ते समाधानाने उठले. घरी त्यांनी हा विषय काढला, की काकू कानांवर हात ठेवायच्या. "अभद्र बोलू नका."

मग काकांनी नातेवाइकांना निरोप धाडला: रविवारी सुपारी फोडायची आहे, या. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग शब्द फिरवता येत नाही. नातीचं जमलं असं समजून सगळे इस्त्रीच्या कपड्यांत हजर झाले. काकांच्या शहापूरच्या बहिणीने पेढे आणले. अकरावीतली नात लाल होऊन दारात उभी होती.

काकांनी पाटावर सुपारी ठेवली. "मला मशीनवर ठेवायचं नाय. ठाण्याला न्यायचं नाय. पडवीत, माझ्या खाटेवर. नि मला बोलता आलं नाय, तर माझ्या वतीनं सून बोलेल."

मुलगा दुखावला. "बाबा, मी हाय ना?"

"तू डाक्टर बोलला का मान हलवतोस रे. ही पाणचट च्या करते नि वर रोज माझ्याशी भांडते. डाक्टरशी पन भांडेल."

"च्या पाणचट नसतो," सून म्हणाली.

"बघा, सुरू झाली," म्हणत काकांनी सुपारी फोडली. पेढे आलेच होते, ते वाटले गेले.

पुढच्या थंडीत दम वाढून काकांचं बोलणं थांबलं. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मीही सोबत होतो. ठाण्याला हलवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मुलाने मान हलवली. सून पुढे झाली. "नाय. चार माणसांत सुपारी फुटलीय."

"लोक काय बोलतील? बापाला घरी आणून टाकला?" नवरा म्हणाला.

"बोलू देत. त्यांच्याशी पन मीच भांडीन."

डॉक्टरांनी औषध दिलं, घरी द्यायचं कसं ते तिला समजावलं. संध्याकाळी काका पडवीत, आपल्या खाटेवर होते. काकू उशाशी बसल्या होत्या. आता त्यांचे हात कानांवर नव्हते, काकांच्या हातावर होते. श्वास शांत चालला होता. सुनेने गोधडी सारखी केली आणि कुणी न मागितलेला चहा आणून खाटेपाशी ठेवला.

"पाणचट झालाय, बाबा," ती म्हणाली, आणि थोडा वेळ तिथेच थांबली.