हौद भरला आणि आबांनी झील धरली

गेल्या गुरुवारी भर दुपारी मी पुंडलिकनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या रिकाम्या हौदात उतरून गाणं म्हणत होतो... आणि पाइपातून पाणी आलं. थेट डोक्यावर.

आधी हौदात का, ते सांगतो. आमचा बँड म्हणजे दोनच माणसं. मी गिटार वाजवतो आणि गातो, खंडू ड्रम्स वाजवतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला जुन्या अमेरिकन सोल गाण्यांचा नाद लागला. भरदार गळा, ठाय लय, टाळ्या... आपल्या रॉकमध्ये हे आणायचंच, असं ठरवून अल्बम करायला घेतला.

आठ गाणी झाली, पण नववं काही केल्या जमेना. सगळं सुरात, सगळं तालात, तरी ऐकलं की पोकळ. त्या जुन्या रेकॉर्डवर आवाज कसा चारी बाजूंनी येतो! मी छातीठोकपणे निदान केलं, आपल्याकडे एको कमी आहे.

एकोसाठी खोली कुठून आणणार? पण दुष्काळाचं वर्ष, नळाला आठव्या दिवशी पाणी. म्हणजे सातव्या दिवशी हौद ठणठणीत कोरडा, आणि आत नुसतं खाकरलं तरी घुमतं. फुकटचा स्टुडिओ! सोमवारी अल्बम द्यायचा होता, इथेच, या पेजवर, तीनदा तारीख जाहीर करून तीनदा तोंडावर पडलो होतो. त्यामुळे गुरुवारी शिडी लावून उतरलो.

पाणी नेमकं एक दिवस आधी आलं. सगळी गल्ली 'आलं, आलं' म्हणून ओरडत होती म्हणे. पण माझ्या कानाला हेडफोन, वर लॅपटॉपपाशी बसलेल्या खंडूच्याही कानाला हेडफोन, त्यात त्याने डोळे मिटलेले. माइक शर्टात घालून मी कसाबसा बाहेर आलो.

आणि लाज सोडून घरमालकीण मावशींना म्हणालो, दहा मिनिटं कॉक बंद करता का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"सहा बिऱ्हाडं पाण्यावाचून बसलीत आन् ह्याला बोंबलायचंय!"

बरोबरच होतं त्यांचं. हौद भरत होता, माझं गाणं त्यात बुडत होतं आणि मी पायरीवर ओल्या कपड्यांनी चरफडत बसलो होतो.

तिथेच खंडूचे वडील, आबा, दोन कॅन घेऊन उभे होते. त्यांच्याकडे मुकुंदवाडीत पाण्याची जास्तच बोंब, म्हणून ते आमच्याकडून भरून नेतात. आबा धनगर. मागच्या दुष्काळात मेंढरं विकून शहरात आले, आता एका नव्या टॉवरच्या साइटवर वॉचमन आहेत. एके काळी पंचक्रोशीत त्यांच्या ओव्यांना माणसं जमायची. पण मेंढरं गेली त्या दिवसापासून आबा गायलेच नाहीत. खंडूने कितीदा विनवलं. "मेंढरं नाईत, आता कुणाला म्हनू?" एवढंच म्हणायचे.

कॅन भरता भरता आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या हौदात काय हुडकायलास रं? तू हाक मारायलास, पर माघारी ओ द्यायला कुनी नाय. झील कुठंय?"

धनगरी ओवीत एक जण पुढे म्हणतो आणि मागचे त्याचे शेवटचे शब्द उचलून लांब ओढतात. ती झील. मी चाटच पडलो. त्या प्रत्येक सोल गाण्यात मागून दोन-तीन आवाज उत्तर देतात, हे मी दोन वर्षं ऐकत होतो आणि त्याला एको समजत होतो! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

खंडू हळूच म्हणाला, "मग धरा की आबा."

आबांनी कॅन काठोकाठ भरले, झाकणं घट्ट लावली. मग म्हणाले, "एकट्यानं झील व्हत नसती." आणि सरळ मावशींकडे वळले, "बाई, भजनात बसता ना? चला."

वरच्या खोलीत चौघं दाटीवाटीने उभे राहिलो. मी ओळ म्हटली, 'रस्ता माझा सरता सरंना...' आबांनी कानावर हात ठेवला, तोंड उघडलं... आणि आवाज फुटलाच नाही. नुसती घरघर. खंडूने मान खाली घातली. मला वाटलं, उगाच म्हाताऱ्याला पेचात पाडलं.

मावशींनी तांब्या पुढे केला. आबा दोन घोट प्याले आणि म्हणाले, "म्हन पुन्हा."

म्हटलं. आणि मागून आलं, 'सरंना गाऽऽ... सरंना'. खरखरीत, थोडं बेसूर, पण असं की माझी पुढची ओळच चुकली. मावशींच्या टाळ्या चालूच होत्या. तोच टेक ठेवलाय, चुकीसकट.

आज सकाळी अल्बम आला. नाव 'आठव्या दिवशी'. किती जण ऐकतील ठाऊक नाही.

मगाशी खंडूचा फोन आला होता. आबा साइटच्या गेटवर बसून ओवी म्हणतायत आणि गवंडी काम थांबवून झील धरतायत... आमचं पोट तेवढ्यानेच भरलं.