अठ्ठेचाळीस पावलं

माझे काका छत्तीस वर्षं पोस्टमन होते आणि सबंध नोकरीत त्यांनी सायकलला हात लावला नाही. किनाऱ्याची वाट वाळूची, चाक रुततं, असं ते सांगत. खरं कारण म्हणजे त्यांना स्वतःच्या पावलांचा भारी तोरा होता. "माझं पाऊल अडीच फुटांचं. टेप चुकेल, मी चुकणार नाही." लोक कुंपण घालताना त्यांना मुद्दाम बोलवायचे. काका हात मागे बांधून, मान ताठ ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आणि आकडा सांगून मोकळे व्हायचे. नंतर कुणी टेप लावलाच तर चार-सहा इंचांचा फरक निघायचा. तो अर्थातच टेपचा असायचा.

निवृत्तीनंतर त्यांना मोजायला एकच वाट उरली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कड्याच्या टोकापर्यंतची. कडा मातीचा, खाली समुद्र. दर वादळात लाटा कड्याचा पायथा पोखरायच्या आणि दोन दिवसांनी वरची माती खाली बसायची. ओळीतली पहिली तीन घरं अशीच गेली. चौथं शिंपीणबाईंचं. त्यांचं न्हाणीघर आधी गेलं, तरी उरलेल्या घरात त्या महिनाभर मशीन चालवत राहिल्या, कारण जाणार कुठे? काकांचं घर पाचवं.

दर रविवारी सकाळी काका आणि काकू जोडीने कड्यापर्यंत चालत जायचे. काका मोठ्याने पावलं मोजायचे आणि परत आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहायचे. अठ्ठेचाळीस. गेली चार वर्षं अठ्ठेचाळीस. मी फोन केला की आधी आकडा कळायचा, मग खुशाली.

"आपल्याकडची माती चिकट आहे," काका म्हणायचे.

"आणि शिंपीणबाईंची?"

"त्यांनी न्हाणीघराचं पाणी सारखं मागे सोडलं. सांगून जीभ झिजली माझी."

माझा विश्वास बसायचा. खरं सांगायचं तर तो मी बसवून घ्यायचे, कारण त्या घरात माझं लहानपण गेलं होतं आणि ते पडेल हा विचार मला सोसत नव्हता.

या वर्षी वादळाचा मोसम तोंडावर आला आणि नोटीस आली. कड्यापासून शंभर फुटांच्या आतली घरं पंधरा दिवसांत रिकामी करा. सरकारी माणसांनी टेपने मोजून काकांचं अंतर बहात्तर फूट लिहिलं होतं. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठ्ठेचाळीस पावलं म्हणजे एकशेवीस फूट! टेप वाऱ्याने फडफडला असेल, नाहीतर त्या पोरांना शून्य कुठे असतं ते माहीत नसेल. त्यांनी हरकतीचा अर्ज करायचं ठरवलं आणि तो टाइप करायला मला बोलावलं.

मी गेले. काका येरझारा घालत मजकूर सांगत होते. काकू ओट्याशी भांडी घासत होत्या. एरवी मजकुरात दहा दुरुस्त्या सुचवणाऱ्या काकू त्या दिवशी मूग गिळून गप्प होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"काका, तुमचं पाऊल अडीच फुटांचं याला पुरावा काय?" मी विचारलं. "ऑफिसात नुसतं सांगून कोण ऐकणार?"

"पुरावा?" काका खूश झाले. "ही पडवी बघ. फरशी मी स्वतः बसवली. एक फुटाच्या तीस फरशा. तीस फूट, बारा पावलं. तू मोज, मी चालतो."

ते हात मागे बांधून, मान ताठ ठेवून चालायला लागले. भांड्यांचा आवाज थांबला. मी मोजत होते. बारा म्हटलं तेव्हा काका पडवीच्या मध्यापासून थोडेच पुढे होते. ते थबकले, पुन्हा चालू लागले. भिंतीला हात लागला तेव्हा वीस झाली होती.

"चुकलीस तू," काका म्हणाले.

ते परत फिरले. या वेळी त्यांनी स्वतः मोजलं आणि पाय लांब टाकायचा प्रयत्न केला. उजवा गुडघा कळ मारून गेला असावा, कारण त्यांनी खिडकीचा गज धरला. आली एकोणीस.

"फरशा ताणल्या गेल्या की काय गं?" ते हसून म्हणाले. मी हसले नाही. मला रडू यायला लागलं होतं. काकांचे पाढे अजून पक्के होते. "वीस पावलांत तीस फूट," ते हळूच म्हणाले. "म्हणजे पाऊल दीड फुटाचं. अठ्ठेचाळीस दीडं..." पुढचा आकडा नोटिशीत होता. बहात्तर.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "तुला माहीत होतं?"

काकूंनी हात पुसले. "दर रविवारी बरोबर चालते मी तुमच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय गेले म्हणून तुम्ही खुर्चीत बसला असतात. ते मला बघवलं नसतं. बॅग भरून ठेवलीय मी. दोन वर्षं झाली, पलंगाखाली आहे."

काकांनी माझ्याकडून अर्जाचा कागद घेतला, त्याची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "टेम्पो कुठे मिळतो बघ."

आठ दिवसांनी सामान गेलं. वाऱ्याला जोर चढत होता. काकांनी दाराला कुलूप घातलं, सवयीने ओढून पाहिलं. काकू बॅग घेऊन पुढे निघाल्या, आणि बघता बघता झपझप फाटकापाशी पोचल्याही. काका पायरीवरच उभे राहून बघत राहिले.

"अगं," ते ओरडले, "तू एवढी जोरात चालतेस?"

काकू गडबडल्या. "टेम्पोवाला थांबलाय म्हणून," त्या म्हणाल्या. मग बॅग खाली ठेवून काकांजवळ परत आल्या आणि त्यांच्या शेजारी, दीड-दीड फुटाची पावलं टाकत चालू लागल्या.