खंडेनवमीचा पाट

आमच्या घरातल्या देवांना रोज अंघोळ असे, पिस्तुलांना नसे. पाण्याचा थेंब लागला की पोलादाला गंज धरतो, म्हणून खंडेनवमीच्या पूजेतसुद्धा त्यांच्यावर पळीभर पाणी सोडायचं नाही. कुंकू लोखंडाला लावायचं नाही. फक्त मुठीच्या लाकडावर चंदनाचं एक बोट, असा मामंजींचा दंडक होता. आणि ते बोट लावायचं काम सुनेचं, म्हणजे माझं.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला माझा हात इतका थरथरला की चंदन मुठीवर न पडता नळीवर पडलं. मी तशीच उभी राहिले. आता बोलणी बसणार, सगळ्यांसमोर बसणार. मामंजींनी खिशातलं फलाणीचं फडकं काढलं, नळी पुसली आणि म्हणाले, "लाव पुन्हा. घाई नाही." बस, एवढंच. मामाच्या घरी पेला निसटला तरी आठवडाभर ऐकावं लागे. मला त्या चार शब्दांचंच रडू आलं.

माझं गाव कोकणात, खाडीकाठी. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. मामानं घरी नेलं आणि शाळा तिथेच थांबली. अमरावतीच्या वकिलांच्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा अमरावती कुठल्या दिशेला हेही मला ठाऊक नव्हतं. आगगाडीत बसल्यावर माडांची झाडं संपली, डोंगर संपले, आणि पुढे नुसती काळी जमीन, क्षितिजापर्यंत. इथे एखादं माणूस हरवलं तर सापडायचं कसं, असं वाटून मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. सासरी मात्र कोणी मला टाकून बोललं नाही. सासूबाई चेष्टा करत, "आमची भात खाणारी आली, आता ज्वारीच्या भाकरीला बाई भिते," पण मला वेगळा भातही लावत. मामंजी दुपारी कोर्टातून आले की वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकत, "वाच मोठ्यानं." मी अडखळत वाची, तेही पुटपुटत. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "ऐकू येत नाही गं, सूनबाई." त्या घराचे उपकार मी जन्मभर मानत आले. म्हणूनच त्या घरातल्या एका गोष्टीची मला भीती वाटते, हे तोंडातून काढणं जमेना.

गोष्ट म्हणजे मामंजींचा शौक. बैठकीच्या खोलीत लोखंडी कपाट होतं आणि त्यात मखमलीच्या अस्तराच्या पेट्यांमध्ये जुनी पिस्तुलं. गोल फिरणाऱ्या चाकाची नव्हेत. ती त्यांना आवडत नसत, "ती शिपायाच्या कमरेची," म्हणत. मामंजींची पिस्तुलं चपटी. मुठीत खालून गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन सरकवायचं, वरची सरकपट्टी एकदा मागे ओढून सोडायची, की एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी जाऊन बसते. ती सुटली की पुढची आपोआप वर येते. गोळी जिथे जाऊन बसते त्या जागेला मामंजी 'घर' म्हणत. एक पिस्तूल देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून घेतलेलं, एक चिखलदऱ्याकडच्या निवृत्त जंगल अधिकाऱ्याचं. परवाने दरवर्षी कचेरीत जाऊन नवे करून आणत. त्यांचं सगळ्यात लाडकं होतं ते बेल्जम देशातलं. तळहातात मावणारं, निळसर काळं, कावळ्याच्या पंखासारखं. रविवारी ते खिडकीच्या उजेडात धरून बसत. सासूबाई म्हणत, "मुलगी पाहायला आले तेव्हा मला एवढं निरखलं नव्हतं."

हाच शौक असलेले त्यांचे एक मित्र अकोल्याला होते. त्यांचं सरकी काढायचं जिन होतं, म्हणून घरात त्यांना सगळे जिनवाले काका म्हणत. ते स्वतःच्या मोटारीतून येत, पेट्या काखेत धरून, आणि मग चादर अंथरून दोघे समोरासमोर बसत. शंकरपटाच्या शर्यतीआधी बैल पाहतात ना, वशिंडावर हात फिरवून, दात मोजून, तसे ते एकमेकांची पिस्तुलं पाहत.

"वकीलसाहेब, तुमच्या बेल्जमचा रंग उडून राहिला बरं का मुठीपाशी."

"हात लागतो तिथे रंग जातोच. तुमच्या जर्मनला कोणी हातच लावत नाही, त्याला काय होतंय?"

"हात लावाची हिंमत पायजे न बाप्पा! तो जर्मन हाय, तुमच्या बेल्जमवानी जावाई नाही."

असं चाले. मी चहा घेऊन जाई आणि कपबशा उंबऱ्यापाशीच ठेवून मागे फिरे. जिनवाले काका हसत, "अवो सूनबाई, काहून भेता? हे काई चावत नाही." मला वाटे, चावणारं जनावर निदान आधी गुरगुरतं तरी.

मामंजींचे नियम कडक होते, हे खरं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पिस्तूल जाताना आधी मॅगझिन काढायचं, मग सरकपट्टी मागे ओढून रिकामं घर समोरच्याला दाखवायचं. दर वेळी. पाच मिनिटांपूर्वी दाखवलं असलं तरी पुन्हा. कोणी आळस केला तर ते पिस्तूल हातातच घेत नसत. त्या नियमाच्या भरवशावर मी कशीबशी दिवस काढत होते. पण मुलगा झाला, रांगायला लागला, चालायला लागला, आणि माझा भरवसा पातळ होत गेला. कपाटाला कुलूप असे. तरी मी दिवसातून कितीदा तरी ते ओढून बघे. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि त्यांनीही ओढून बघितलं. बाई मोठ्या मनाच्या.

कुलूप उघडं राहण्याचा दिवस वर्षातून एकच, खंडेनवमीचा. त्या दिवशी पाटावर शस्त्रं मांडायची. मामंजींची पिस्तुलं, अकोल्याहून आलेली काकांची, शेजारी घरातली विळी, अडकित्ता, सासूबाईंची कात्री. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. प्रत्येक पिस्तुलाच्या चापाभोवती जी गोल कडी असते तिच्यात झेंडूचं एकेक फूल खोवायचं. आणि एकदा गंध लागलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांचा तो विसाव्याचा दिवस. त्या दिवशी मला भाजीसुद्धा चिरता येत नसे. रात्री मामंजी त्याच खोलीत झोपत, पण दिवसा शेजारपाजारचे पाया पडायला येत, म्हणून दार उघडं.

माझा मुलगा तीन वर्षांचा होता त्या वर्षीची ही गोष्ट. माझे यजमान अकोल्याला नोकरीत होते, शनिवारीच येत, आणि नवमी नेमकी मधल्या वारी आलेली. दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. जिनवाले काका माडीवर आडवे झाले, मामंजी ओसरीत खुर्चीवर डुलकी घेत होते. आश्विनातलं ऊन आमच्याकडे काय असतं ते सांगायला नको. मी मुलाला कुशीत घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पडले आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कूस रिकामी होती.

त्याला हाक मारावी असं मनात आलं, पण आधी उठून बघायला निघाले, आणि तेच बरं झालं. बैठकीच्या दाराशी गेले तर तो पाटासमोर मांडी घालून बसलेला. पाकळ्या कुस्करून त्याची बोटं पिवळी झाली होती. एका पिस्तुलाच्या कडीत त्याने दोन बोटं घातली होती आणि आत चेंगरलेलं फूल तो ओढत होता. पिस्तूल त्याच्या ओढण्यासरशी पाटावर सरकत होतं, थोडं त्याच्याकडे, थोडं भिंतीकडे.

ओरडले तर तो दचकेल. धावले तर घट्ट धरेल. मी उंबऱ्यावरच खाली बसले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "पुरण खायचं का रे सोन्या? कढईतलं?" तो आवाज माझा कसा राहिला, देव जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुलाकडे पाहिलं. शेवटी फूल निघालं. ते मुठीत घेऊन तो दुडुदुडु माझ्याकडे आला. मी त्याला धरलं, दार बाहेरून ओढलं आणि दाराला पाठ लावून तिथेच बसले.

सासूबाई आल्या. "इथे काय बसलीस? पाया पडायला लोक येतील. दार उघड."

"नाही."

सासूबाईंना मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "ती आत कपाटात ठेवा. मी पाया पडते तुमच्या. यानं आत्ता कडीत बोटं घातली होती."

"अगं, पूजा झालेली हत्यारं उद्यापर्यंत हलवायची नसतात. आणि रिकामी आहेत ती."

आमच्या बोलण्यानं जिनवाले काका खाली आले. काय झालं ते ऐकून ते मोठ्यानं हसले. "अवो सूनबाई, मॅगझिनं तं माह्या खिशात हायेत! हे पाहा. मॅगझिनबिगर पिस्तूल म्हंजे दात काढलेला नाग. खेळू द्या न पोराले."

मी मान खाली घातली. मुलाला आणखी घट्ट धरलं, तो चुळबुळ करायला लागला. आता सगळं संपलं, मामंजींच्या मित्रासमोर मी घराची शोभा केली, असं वाटत होतं. तरी दारावरची पाठ काही हलली नाही.

मामंजी ओसरीतून आले. ते हसले नाहीत. काकांना विचारलं, "सकाळी मांडताना घर दाखवलं होतं तुम्ही?"

"मांडतानी कुठून? गंध लावाची घाई होती, मुहूर्त चालला होता. आन पूजेत का कोणी सरकपट्टी ओढते?"

"मीही नाही दाखवलं," मामंजी म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून, "पूजा मोडली तर चालेल?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मोडा," म्हणाल्या.

मी दारातून बाजूला झाले. मामंजी पाटासमोर बसले. काकांचं पहिलं पिस्तूल उचललं, तोंड खिडकीबाहेरच्या मातीच्या बांधाकडे केलं, सरकपट्टी ओढली. रिकामं. दुसरं, रिकामं. जर्मन, तेही रिकामं. काका म्हणाले, "पाहा. म्या म्हटलं होतं." मामंजींनी स्वतःची उचलायला सुरुवात केली. ती तर काय, नियम करणाऱ्या माणसाची. आता ते केवळ माझ्या समाधानासाठीच करत होते, हे सगळ्यांना दिसत होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

शेवटी बेल्जम. त्यांनी सरकपट्टी ओढली आणि काहीतरी पिवळं उडून अक्षतांच्या ताटलीत पडलं. टण्ण वाजलं. झेंडूच्या पाकळ्यांत आणि तांदळांत ती गोळी पडून होती, चकचकीत.

मामंजींनी पिस्तूल खाली ठेवलं आणि हात मांडीवर ठेवले. मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "वलगावच्या शेतावरून आलो त्या दिवशी. नेम धरून मडकी फोडायला गेलो होतो. हा फाटकापाशी धावत आला आणि पायाला बिलगला. मी आधी सरकपट्टी ओढली, मग मॅगझिन काढलं." मला तेव्हा कळलं नाही. नंतर त्यांनीच समजावलं की क्रम उलटा झाला. पट्टी ओढली तेव्हा घरातली गोळी बाहेर पडली, पण मॅगझिन अजून आतच होतं, त्यातली पुढची गोळी घरात जाऊन बसली. मग मॅगझिन काढलं, आणि पिस्तूल रिकामं झालं असं वाटलं. सवयीनं चाप अडवणारी बाजूची बारीक कळ तेवढी वर केली होती. ती कळ होती म्हणून.

आणि त्याच पिस्तुलाला मी हात लावला होता. सकाळी त्याच्या मुठीला चंदन लावलं होतं, मुलाला कडेवर घेऊन.

मुलाच्या मुठीत ते फूल अजून होतं. मी पाटाकडे पाहिलं. सगळ्या कड्यांत फुलं होती, एका बेल्जमच्याच कडीत नव्हतं. सासूबाईंचीही नजर तिथेच होती. त्या उठल्या, त्यांनी मुलाची मूठ उघडून फूल काढून घेतलं आणि त्याला माझ्याकडून स्वतःकडे घेऊन छातीशी धरलं. जिनवाले काका भिंतीला टेकून उभे होते. "माफ करा सूनबाई," एवढं म्हणाले आणि माडीवर गेले. दुसऱ्या दिवशी सोनं न वाटताच त्यांची मोटार अकोल्याला गेली.

शौक असा एका दिवसात सुटत नाही. मामंजींनी एकही पिस्तूल विकलं नाही, आणि मीही तसं मागितलं नाही. मला त्यांचा तो खिडकीतला रविवार मोडायचा नव्हता. काकाही काही महिन्यांनी पुन्हा यायला लागले, पण माझ्या भीतीवर पुन्हा कधी हसले नाहीत. उलट मुलगा दिसला की आपल्या पेट्या स्वतःच कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात देत.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला, चंदन उगाळलं. कड्यांत फुलं खोवायची प्रथा सासूबाईंनी बंद केली होती, सगळी फुलं पाटापुढे एका रांगेत. मी ताम्हन घेऊन आले तर मामंजी म्हणाले, "ते ठेव. आधी इकडे ये." त्यांनी पहिलं पिस्तूल उचललं, तोंड बांधाकडे, मॅगझिन काढलं, मग पट्टी मागे ओढून धरली आणि माझ्यासमोर केलं. "बघ. तू म्हटल्याशिवाय पाटावर जाणार नाही."

मी वाकून आत पाहिलं. काळं, तेलकट, त्याच्यापलीकडे काही नाही. भीती गेली नव्हती. ती पुढेही दर वर्षी वाटतच राहिली.

"रिकामं," मी म्हटलं.

"ऐकू येत नाही गं, सूनबाई."

"रिकामं आहे," मी मोठ्यानं म्हटलं. माडीवरही ऐकू गेलं असेल. मग त्यांनी ते पाटावर ठेवलं आणि दुसरं उचललं.