सिस्टरांनी न दिलेली यादी

सिस्टरांकडे गेलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी बसता येत नसे. मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या अर्जाच्या तपासणीसाठी. गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र, मांडीवर फाइल. त्यांनी फाइल उचलून बाजूला ठेवली आणि भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. "फोडता फोडता विचारा, मॅडम. हात मोकळं असलं की मानूस तोंड सांभाळत बसतो." तासाभरात शेंगा संपल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रश्न त्या विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते.

देवळाली प्रवरा आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर त्यांनी जन्मभर सरकारी नर्स म्हणून काम केलं होतं. निवृत्तीनंतर पांढरी साडी गेली, पण नाव सिस्टरच राहिलं. ज्या बाळांना त्यांनी डोस पाजले होते, ती आता विशीत आली होती. त्यांतली काही झोपेच्या गोळ्यांवर आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर दिवस ढकलत होती. घरच्यांना ते उशिरा कळे. सिस्टर उंबऱ्यातून आत येताच ओळखत.

तरुणांमधली व्यसनं रोखण्यासाठी गावातल्या उपक्रमांना सरकारी अनुदान मिळतं, हे त्यांना एका पत्रकावरून समजलं. नगरच्या ज्या कार्यालयात हे अर्ज येत, तिथे मी कंत्राटी नोकरीत होते. त्यांचा अर्ज एका वाक्याचा होता: 'संध्याकाळी सहा ते नऊ पोरांच्या हाताला काम देणे.' तो सगळ्या टेबलांवर फिरला, सगळे हसले. मी त्यात उद्दिष्टं, कार्यपद्धती, अपेक्षित परिणाम घालून आठ पानं केली आणि तो मंजूर झाला. ती आठ पानं वाचून सिस्टरांनी एवढंच विचारलं, "ह्यात माझं वाक्य कुठं गेलं?"

काम त्यांनी हमीदभाईंच्या मदतीने सुरू केलं. हमीदभाई विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नव्या तारेचे वेढे घालायचे. अनुदानातून एक बंद पडलेलं गोदाम भाड्याने घेतलं, तांब्याची तार आली, टेबलं आली. संध्याकाळी दहा-पंधरा पोरं तिथे वेढे मोजत बसत. व्यसनावर भाषण नाही, भिंतीवर कवटीचं चित्र नाही. ज्याचे हात थरथरत, त्याला सिस्टर काही विचारत नसत. हमीदभाईंना हळूच सांगत, "ह्याला आज जाड तार द्या." बारीक तार मागायला पोरगा स्वतःहून आला, की तो सुधारतोय असं दोघं समजत. माझ्या अहवालात यासाठी रकाना नव्हता.

गावातल्या एका औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळत. सिस्टरांनी तक्रार केली नाही. घरून एक स्टूल आणलं आणि दुकानाच्या पायरीशेजारी गोधडी शिवत बसल्या. दुकानदार म्हणाला, "सिस्टर, उन्हात कशाला? आत या ना."

"हितंच बरं हाय. येनारा-जानारा दिसतो."

असं आठ-दहा दिवस चाललं. त्या कुणाला अडवत नव्हत्या, फक्त येणाऱ्या पोराला त्याच्या आईची तब्येत विचारत. शेवटी दुकानदार स्वतःच म्हणाला, "चिठ्ठीशिवाय देणार नाही. स्टूल घेऊन जा आता." गोधडी अर्धी झाली होती. ती पूर्ण करून त्यांनी त्याच्याच नातीला दिली.

वर्ष संपताना वरून नवा नमुना आला. लाभार्थ्यांची नावं, पत्ते, आधार क्रमांक, फोटो. मी तो घेऊन गेले. सिस्टरांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"हे न्हाई व्हायचं."

मी त्यांना समजावलं. कागद फक्त कार्यालयात राहतील म्हटलं. तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला क्षयाच्या रुग्णांचं एक रजिस्टर त्यांच्या हातून टेबलावर उघडं राहिलं होतं. कुणीतरी एक नाव वाचलं. पंधरवड्यात त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती औषधाने बरी झाली, पण तिला परत कुणी विचारलं नाही. "ते कागद बी हापिसातच हुते, मॅडम."

"नावं दिली नाहीत, तर अनुदान थांबेल."

"मग थांबंल."

अनुदान थांबलं. माझा नाइलाज होता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. गोदाम सोडावं लागलं. हमीदभाईंनी आपल्या दुकानामागच्या पत्र्याखाली चार-पाच जणांपुरती जागा केली. बाकीच्यांना सिस्टरांनी वाट बघायला सांगितलं.

चार-एक महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी राहुरीला गेले होते, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्याकडे गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात काही दिलं नाही. त्यांचेही हात रिकामेच होते.

"वाट बघनाऱ्यातला एक गेला," त्या म्हणाल्या. "दारू आन गोळ्या एकदम. घरचे हार्ट म्हनत्यात. म्हनू द्यावं."

मी नाव विचारलं. त्यांनी मान हलवली. "बहिनीचं लग्न व्हायचंय त्याच्या."

मीच काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, की यात तुमचा दोष नाही.

"माझा हायच," त्या शांतपणे म्हणाल्या. "यादी दिली असती तर गोदाम ऱ्हायलं असतं. तो तिथं आला असता. तरी बी उद्या मागितली तर मी देनार न्हाई. दोन्ही खरं हाय. आता ते घेऊनच बसायचं."

बसमधून परत येताना मला पहिल्यांदा वाटलं, की नाइलाज हा शब्द मी फार लवकर वापरला होता. त्या आठवड्यात मी टिपणी लिहिली: नावांऐवजी क्रमांक द्यावेत, खरी ओळख संस्थेकडेच राहावी, आणि संख्येची खात्री सरकारी डॉक्टरांनी करून सही द्यावी. दोन साहेबांनी ती परत पाठवली. तिसऱ्यांनी फारसं न विचारता मंजूर केली. इतकं सोपं होतं ते.

मी बातमी द्यायला गेले, तेव्हा सिस्टर गवार मोडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी अर्धी गवार माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "हे आदी सुचाय पायजे हुतं. तुमाला बी, मला बी." त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. गोदाम परत उघडलं. अजून चालू आहे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. लेक त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. मी भेटायला गेले, तेव्हा उजवा हात पांघरुणावर तसाच पडला होता. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. लेक चहा करायला आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्याच्या बहिनीचं लग्न झालं. चांगलं झालं." मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. "माझ्यामागं कुनाला तरी म्हाईत असावं. चार महिनं गोदामात येत हुता. पाच एचपीची मोटार त्यानं एकट्यानं भरलेली, शेवटच्या वेढ्यापत्तुर."

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. अंत्यविधीला बुद्धवंदना म्हणणाऱ्यांत विशी-पंचविशीची पोरं पुष्कळ होती. त्यांतली गोदामातली कोणती, हे ओळखण्याचा मी प्रयत्न केला नाही.

ती मोटार कुणाच्या विहिरीवर आहे, ते मला हमीदभाईंनी सांगितलं. एका दुपारी मी तिथे गेले. मोटार चालू होती, पाटातून पाणी उसाला जात होतं. मालकाला वाटलं, मी वीज कंपनीची. "काय तक्रार हाय का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. थोडा वेळ बांधावर उभी राहिले आणि चारच्या बसने नगरला आले.